सकाळी निघून संध्याकाळी परत : औंढा–नर्सीच्या वाटेवरील काही प्रश्न

मराठवाड्यात पोहोचण्यास लागणारा वेळ झपाट्याने कमी होत आहे. ५ जून २०२५ रोजी मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेस राज्य मंत्रिमंडळाने नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गास मान्यता देऊन २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईहून जालन्यापर्यंत येणारी वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत धावू लागली. ह्या तिन्ही बातम्या दळणवळणाच्या आहेत; परंतु त्यांचा परिणाम केवळ प्रवाशांवर होणार नाही. ज्या गावांपर्यंत हे प्रवासी सकाळी पोहोचतील आणि जिथून संध्याकाळी परततील, त्या गावांच्या जीवनावरही तो होणार आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ व नर्सी नामदेव ही अशी दोन गावे होत. त्यांच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल : शहरातून एका दिवसासाठी येणारा पाहुणा गावाला नेमके काय देतो आणि गावाकडून काय घेऊन जातो?

जिल्हा आणि त्याची गावे

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. त्याच जनगणनेत औरंगाबाद म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगर ह्या एका शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांच्या घरात होती. शेकडो खेड्यांचा मिळून बनलेला एक जिल्हा आणि मराठवाड्यातील सर्वांत मोठे शहर लोकसंख्येच्या तराजूत समसमान उतरावे, ही बाब बोलकी आहे. रविवारी वा सुटीच्या दिवशी त्या शहरातील लोकांचा लहानसा हिस्सा जरी बाहेर पडून एखाद्या गावाकडे वळला, तरी त्या गावाची त्या दिवसापुरती लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते.

हिंगोलीला इतिहास आहे. मात्र तो भव्य राजवाड्यांचा नाही. निजामाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील वस्त्यांची नावे त्या छावणीची आठवण अद्याप जपून आहेत. येथील सार्वजनिक दसरा महोत्सवाची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. नांदेडहून निघणाऱ्यास वसमत, शिरड शहापूर, औंढा नागनाथ, हिंगोली असा मार्ग धरून कळमनुरीवरून परतता येते, आणि ह्या एकाच फेरीत चार परंपरांची स्थळे त्याच्या वाटेवर येतात. शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. औंढ्याला नागनाथाचे देवालय आहे. हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी नर्सी आहे. तेथे वारकरी व शीख असे दोन्ही समाज श्रद्धेने येतात. कळमनुरीत नुरी बाबांचा दर्गा आहे. इतक्या लहान टापूत इतक्या भिन्न श्रद्धा शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत, हेच ह्या प्रदेशाचे खरे वैभव म्हणावे लागेल.

नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांच्या ६१ रचना शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे तीर्थ झाले, आणि २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनास आलेले शीख भाविक नर्सीलाही येतात, त्यामागे हेच नाते आहे. आषाढी वारीनंतर येणाऱ्या परतवारी एकादशीस वारकऱ्यांची तेथे मोठी गर्दी होते.

रुंद रस्ता, अरुंद पायऱ्या

औंढ्याचे मंदिर यादवकालीन मानले जाते. त्याचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा असून त्यावर मूर्तींचे थर कोरलेले आहेत. वरचे शिखर मात्र उत्तरकालीन बांधणीचे आणि पांढऱ्या रंगाचे आहे. मंदिराची पडझड झाली व ते पुन्हा उभे राहिले, हा इतिहास भिंतीकडे पाहूनच वाचता येतो. ह्या पुनर्बांधणीशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे म्हणून महाराष्ट्रातील भाविक ह्या स्थानाकडे पाहतात. गुजरातमधील द्वारकेजवळचे नागेश्वर व उत्तराखंडातील जागेश्वर ह्या स्थानांचाही तोच दावा आहे.

ह्या मंदिराची एक रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. येथील लिंग सभामंडपाच्या पातळीवर नसून खाली, एका लहान तळघरात आहे. तेथे उतरण्याची वाट इतकी अरुंद व ठेंगणी आहे की, भाविकास वाकूनच जावे लागते, आणि एका वेळी मोजकीच माणसे आत मावतात. महामार्ग चार पदरी असो की सहा पदरी, त्याच्या शेवटी असलेल्या ह्या पायऱ्या रुंद होणार नाहीत. श्रावणातील सोमवारी वा महाशिवरात्रीस रांग लांबते ती ह्याच कारणाने. रस्त्याची क्षमता वाढवणे शासनाच्या हाती आहे. परंतु आठशे वर्षांपूर्वीच्या वास्तूची क्षमता वाढवणे कोणाच्याच हाती नाही, आणि तसा प्रयत्न करणे म्हणजे ती वास्तू गमावणे होय. म्हणून नियोजनाचा आरंभ रस्त्यापासून न करता ह्या तळघरापासून करावयास हवा. एका दिवसात किती माणसे येथे सुखाने व सुरक्षितपणे येऊन जाऊ शकतात, हा पहिला प्रश्न. त्यांना किती वेगाने आणता येईल, हा त्यानंतरचा.

शक्तिपीठ महामार्गाचा आराखडा जाहीर झाला तेव्हा त्याची लांबी ८०२ किलोमीटर होती आणि तो हिंगोलीसह बारा जिल्ह्यांतून जाणार होता. नागपूर ते गोवा हा सुमारे अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, तसेच शक्तिपीठे, ज्योतिर्लिंगे व संतांची स्थाने परस्परांस जोडली जातील, अशी त्यामागील शासनाची भूमिका आहे. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या सुपीक जमिनी ह्या मार्गात जाणार आहेत त्या शेतकऱ्यांनी कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत आंदोलने केली, आणि काही भागांत आखणीचा फेरविचार करण्याची वेळ शासनावर आली. हा वाद येथे सोडवण्याचा आपला अधिकार नाही. परंतु भाविकांच्या सोयीचे कारण पुढे करून जेव्हा शेती मागितली जाते, तेव्हा ती सोय नेमकी कोणती आणि किती, हे विचारणे भाविकांचेही कर्तव्य ठरते. कारण मागणी त्यांच्याच नावाने केली जात असते.

एका दिवसाचा हिशेब

पर्यटनाची आकडेवारी ठेवणारे तज्ज्ञ पाहुण्यांचे दोन वर्ग करतात. जो मुक्कामी राहतो तो पर्यटक. जो त्याच दिवशी परततो तो एकदिवसीय प्रवासी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक व्याख्यांतही हाच भेद केलेला आहे. कागदोपत्री तो किरकोळ वाटतो. गावाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक असतो.

मुक्कामी माणूस दोन वेळचे जेवण घेतो, खोलीचे भाडे देतो, संध्याकाळी बाजारातून फेरफटका मारतो, सकाळी चहाच्या टपरीवर चार माणसांशी बोलतो. एका दिवसासाठी आलेल्या कुटुंबाचा हिशेब वेगळा असतो. इंधन शहरात भरलेले असते. डबा घरून आणलेला असतो, किंवा जेवण महामार्गावरील हॉटेलात होते. गावात खर्च होतो तो नारळ, बेल, फुले, प्रसाद, चहा व वाहनतळ एवढ्यापुरता. गावाच्या वाट्याला मात्र बाटल्या, पत्रावळी, धूर, कर्णे आणि वापरून अस्वच्छ झालेली शौचालये येतात. पाणी गावाचे वापरले जाते व कचरा गावाला उचलावा लागतो. त्याशिवाय हे उत्पन्न वर्षभर सारखे नसते. श्रावण, महाशिवरात्र व सुट्या संपल्या की हार विकणाऱ्या बाईची टोपली भरलेलीच राहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रस्ता चांगला झाला की गावाची भरभराट होते, असे सर्रास मानले जाते. रुग्णास दवाखान्यात, विद्यार्थ्यास महाविद्यालयात व शेतमालास बाजारात पोहोचवणारा रस्ता हे निःसंशय वरदान आहे. मात्र पर्यटनाच्या बाबतीत वेगाचा परिणाम उलटही होऊ शकतो. पूर्वी नांदेड वा अकोल्याहून एसटीने येणारा माणूस शेवटची गाडी चुकली तर गावात राहात असे. प्रवास जितका जलद, तितका मुक्काम अनावश्यक. पाच तीर्थे एका दिवसात उरकता येऊ लागली की, प्रत्येक तीर्थाच्या वाट्याला अर्धा तास येतो. औंढा हे जाण्याचे ठिकाण न राहता वाटेवरचा थांबा बनते. तेव्हा गावाने मोजावयाची गोष्ट आलेल्या गाड्यांची संख्या ही नव्हे. पाहुणा किती तास थांबला, किती जणांशी बोलला आणि त्याने कोणाकडून काय विकत घेतले, हे मोजले पाहिजे.

जगाचा अनुभव

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. इटलीतील व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून निवडक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांवर ५ युरोचे प्रवेशशुल्क लावले. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळण्यात आले. २०२५ मध्ये हे दिवस वाढवून ५४ करण्यात आले आणि आयत्या वेळी येणाऱ्यांना १० युरो आकारण्यात आले. त्यातून महापालिकेस उत्पन्न मिळाले, पण गर्दी ओसरली असे म्हणता येत नाही. दरम्यान ह्या ऐतिहासिक शहराच्या मूळ बेटांवरील रहिवाशांची संख्या २०२२ मध्येच ५० हजारांच्या खाली गेली होती. इमारती उभ्या आहेत, पण त्यांत संध्याकाळी दिवा लावणारी घरे कमी होत आहेत.

ऑस्ट्रियातील हालस्टाट हे सरोवराकाठचे गाव तर आपल्या एखाद्या खेड्याएवढेच. रहिवासी हजाराच्याही आत. ऐन हंगामात तेथे दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसे येतात. २०२३ मध्ये गावाने छायाचित्रे घेणाऱ्यांच्या आवडत्या जागी काही काळ लाकडी कुंपण उभारले, आणि त्याच वर्षी तेथील रहिवाशांनी बसगाड्यांच्या गर्दीविरुद्ध निदर्शने केली. औंढा वा नर्सीची स्थिती अशी झालेली नाही, आणि म्हणूनच आज विचार करणे सोपे आहे. कुंपण घालण्याची पाळी आल्यानंतर होणारी चर्चा पाहुणा व यजमान दोघांच्याही मनात कटुता ठेवून जाते.

चांगली उदाहरणेही आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. गावातील घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके ठेवण्यात आली. पाचगणी–महाबळेश्वरला जाणारा प्रवासी तेथे एखाद्या घराच्या ओसरीवर बसून वाचू शकतो. मुद्दा पुस्तकांपुरता नाही. पाहुण्याने घराचा उंबरठा ओलांडावा, बसावे, आणि घरच्या माणसाला त्याच्याशी बोलावयास निमित्त मिळावे, अशी ती योजना आहे. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले, त्यामागेही शेतकऱ्याच्या घरी पाहुण्याने राहावे, जेवावे आणि शेतीचे काम पाहावे हाच हेतू आहे.

हिंगोलीपाशी ह्या दृष्टीने दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी ह्या भागात हळद काढणे, शिजवणे, वाळवणे व घोळसून तिला चकाकी आणणे ही कामे चालू असतात. आवारभर पिवळे सडे पडलेले असतात. शहरातील स्वयंपाकघरात रोज चिमूटभर वापरली जाणारी ही वस्तू कशी तयार होते, हे शहरी मुलांनी क्वचितच पाहिलेले असते. शेतकऱ्याच्या आवारात दोन तास घालवून त्याच्याकडूनच वर्षाची हळद घेणारे कुटुंब, नुसते दर्शन घेऊन परतणाऱ्या दहा गाड्यांपेक्षा गावाला अधिक देऊन जाईल.

शांततेची किंमत

हिंगोलीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली, आणि ती २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एकमेकींस काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असे तिचे स्वरूप राहील. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याचा तो पडसाद होता.

हे उपकरण इतके संवेदनशील असते की, दूरवरून जाणाऱ्या अवजड वाहनांचे हादरेही त्याच्या कामात अडथळा आणू शकतात. म्हणून जागा निवडताना जमिनीची स्थिरता आणि वर्दळीपासून दूर असणे ह्या गोष्टी पाहिल्या जातात. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, त्या शांततेमुळेच जगातील अतिशय प्रगत विज्ञान ह्या तालुक्याच्या दारी आले. कारखाने नाहीत, वर्दळ नाही, मोठे शहर नाही, ही आजवर उणीव मानली गेली. तीच आज संपत्ती ठरली आहे. शहरातून एका दिवसासाठी येणारा माणूसही अखेर त्याच शांततेच्या शोधात येतो, आणि मोठ्या संख्येने येऊन तीच नाहीशी करतो. शांतता ही एकदा खर्चली की परत विकत घेता येत नाही. पुढील काळात विद्यार्थ्यांच्या व विज्ञानप्रेमींच्या सहलीही ह्या तालुक्याकडे वळतील. त्यांची सोय, त्यांची संख्या व त्यांचा मार्ग ह्यांचा विचार मंदिराच्या गर्दीबरोबर एकत्रितपणे झाला, तरच दोन्हींना न्याय मिळेल.

गावाच्या हाती काय?

शासनाच्या योजनांची वाट पाहतानाही स्थानिक पातळीवर काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट उत्पन्नाची. वाहनतळाचे शुल्क नगरपंचायतीच्या वा ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे आणि त्यातून शौचालये, पिण्याचे पाणी व कचरा व्यवस्थापन ह्यांवर झालेला खर्च फलकावर लिहिला जावा. आपण दिलेले पन्नास रुपये कशासाठी गेले हे पाहुण्याला दिसले, तर तो ते आनंदाने देतो.

दुसरी गोष्ट माहितीची. गावातील शिकलेल्या तरुणांना मंदिराचे शिल्प, नामदेवांचे चरित्र, कयाधूचा परिसर व हळदीची शेती ह्यांविषयी प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून तयार करावे. पाऊण तास थांबलेला माणूस अडीच तास थांबेल, तो कोणी सांगणारा असेल तरच. तिसरी गोष्ट जेवणाची. महिला बचत गटांनी चालवलेली, भाकरी-पिठले-ठेचा देणारी स्वच्छ भोजनालये प्रत्येक स्थळी असावीत. चौथी गोष्ट गर्दीच्या वाटपाची. श्रावण सोमवारी एसटीच्या जादा गाड्या व गावाबाहेरचा वाहनतळ, आणि एरवी नर्सी, शिरड शहापूर, सिद्धेश्वर धरण अशा परिसरातील स्थळांची जोड, असे झाल्यास सारा भार एकाच तळघरावर पडणार नाही. ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीस हजारो कोटी रुपये लागत नाहीत. मात्र गावातील माणसाला विचारून निर्णय घेण्याची सवय लागते.

आपल्या सहलींचा विचार

वाचकहो, हा प्रश्न केवळ इतरांच्या सहलींचा नाही. आपल्या धर्मग्रामांतून महिला मंडळे, युवक संघटना, धर्मशिक्षणाची मुले, ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या एकदिवसीय सहली वर्षभर निघत असतात. दर सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस मराठवाड्यासह साऱ्या महाराष्ट्रातून जनसमुदाय लोटतो. तेथे गावाच्या अंगणात उतरणारी गर्दी आपली असते. त्या एक-दोन दिवसांत हरेगावच्या रहिवाशांना पाणी, रस्ता व स्वच्छता ह्यांबाबत जे सोसावे लागते, त्याची जाणीव ठेवणारा भाविक औंढ्याच्या रहिवाशाचे दुःखही चटकन ओळखील.

ख्रिस्तसभेने ह्या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. २००१ मध्ये परमगुरुपीठाने पर्यटनाच्या क्षेत्रातील प्रेषितकार्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जागतिक पर्यटन दिनानिमित्त व्हॅटिकनकडून संदेशही दिले जातात. त्यांतील मूळ धागा असा की, प्रवास ही माणसाने माणसाला भेटण्याची संधी आहे आणि यजमान समाजाचा सन्मान ही पाहुण्याची जबाबदारी आहे. दुसऱ्या धर्माच्या पवित्र स्थळी जाताना तर ही जबाबदारी अधिकच वाढते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यातील आदरभाव आपल्या सहलीच्या बसमधून उतरताना आपल्या वागण्यात दिसला पाहिजे. तेथील नियमांचे पालन, साधा पोशाख, मंदिरात वा गुरुद्वारात शांतता, परवानगीविना छायाचित्रे न घेणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ह्या गोष्टी लहान आहेत. परंतु त्यांवरून आपला समाज ओळखला जातो.

सहल आखताना काही साधे प्रश्न विचारावेत. पाचऐवजी दोनच ठिकाणे पाहता येतील काय? जेवण गावातच घेता येईल काय, आणि त्याची वर्दी गावातील गटाला आठवडाभर आधी देता येईल काय? आपला कचरा आपण परत आणू शकू काय? मुलांना गावातील शाळा, शेत वा एखादा कारागीर दाखवता येईल काय? शक्य असेल तेथे एक रात्र मुक्काम करता येईल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे देणारी सहल खर्चाने किंचित वाढेल, पण तिचा खर्च योग्य हाती पडेल.

नामदेवांविषयी औंढ्याला सांगितल्या जाणाऱ्या दोन कथा येथे आठवतात. गुरूच्या शोधात ते ह्या गावी आले, तेव्हा एक वृद्ध पिंडीवर पाय ठेवून पहुडलेला त्यांना दिसला. नामदेवांनी हरकत घेताच, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्या वृद्धाने सांगितले. पाय जेथे जेथे ठेवावेत तेथे तेथे पिंड प्रकटली, आणि नामदेवांना विसोबा खेचर हे आपले गुरू भेटले. दुसरी कथा कीर्तनाची. मंदिरासमोरून हटवल्यावर नामदेव मागील बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. पहिल्या कथेत दर्शनापलीकडे थांबणाऱ्याला ज्ञान मिळते. दुसऱ्या कथेत ज्याला बाजूस सारले त्याच्याकडे देव वळतो. आपल्या शुभवर्तमानातही अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांना वाटेत भेटलेला सहप्रवासी ओळखता आला नाही. दिवस कलल्यावर त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले, आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. दोन्ही परंपरांत ओळख पटते ती थांबल्यावर.

नवे रस्ते होतील, गाड्या वाढतील, दुधाळ्याच्या माळावर वेधशाळा उभी राहील. ह्या बदलांत हार विकणाऱ्या बाईचा, हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आणि मंदिराच्या गल्लीत राहणाऱ्या कुटुंबाचा वाटा किती असावा, हे ठरवण्याची वेळ हीच आहे. कारण रस्ता पूर्ण झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा कोणाच्या झाल्या एवढेच पाहणे शिल्लक राहते. नियोजनकर्त्यांनी गावकऱ्यांना विश्वासात घ्यावे, गावकऱ्यांनी आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. आणि आपण, जे एखाद्या सुटीच्या सकाळी सहकुटुंब त्या वाटेने निघू, त्यांनी घड्याळाकडे थोडे कमी व यजमानाकडे थोडे अधिक पाहावे. गावाने आपल्याला पुन्हा या म्हणावे, अशा रीतीने तेथून परतणे हे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.